आईसाठी मुका गाइड

पोर्तो बाकेरिसो, सान क्रिस्तोबाल बेट
नोव्हेंबरातला पहिला मंगळवार, संध्याकाळ

रोसाउराताईस,

धाकट्या एउदोरोचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा दमा कसा आहे आणि तुमच्या क्वेंकाच्या डोंगरातली थंडी अजून हाडं खाते का, ते सगळं सविस्तर कळव. शाळेतल्या पोरांना फार मारू नकोस. इकडे मेचे ठीक आहे (माझी बायको कधी ठीक नसते? घर कोसळलं तरी ती झाडू घेऊन ठीकच असेल), मुलं ठीक आहेत, दुकानातलं बर्फाचं मशीन ठीक नाही, आणि मी तर मुळीच ठीक नाही. दोन दिवस पोटात अन्न ठरत नाही. कारण उद्या सकाळी आम्ही आईला बोटीने एस्पान्योला बेटावर अल्बट्रॉस पक्षी बघायला नेतोय.

तू म्हणशील, आईला आत्ताच हे काय सुचलं? जन्म या बेटांवर गेला, जगभरचे लोक पैसे साठवून इथे पक्षी बघायला येतात, आणि आपण कधी गेलो का? नाही. आपण त्यांच्यासाठी बर्फ केला, भात शिजवला, चादरी धुतल्या. पक्षी कुठे पळतायत, बघू कधीतरी, असं म्हणत आईची सगळी हयात गेली. पक्षी खरंच कुठे पळाले नाहीत. आईचे डोळे पळाले. डावा गेला ते तुला माहीतच आहे. गेल्या महिन्यात ग्वायाकीलच्या डॉक्टरांनी उजवा तपासला आणि सांगितलं की तोही त्याच वाटेवर आहे. मधला भाग जातो, कडा राहतात. औषध नाही. किती दिवस, असं मी विचारलं तर त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, जे दाखवायचं ते लवकर दाखवा. (डॉक्टरांनी असं बोलू नये. मी तेव्हापासून झोपलेलो नाही.)

आईला स्वतःला हे मान्य नाही. तिला फक्त "हल्ली उजेड कमी असतो" एवढंच वाटतं. परवा धक्क्यावरच्या बाकावर बसलेल्या कुणाला तरी तिने मोठ्याने "शुभ सकाळ, कसं काय?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं. उत्तर नाही. घरी येऊन तणतणली, "त्या सरपंचाच्या बायकोला फार माज आलाय, पोट पसरून लोळते आणि बोलायला तोंड नाही." बाकावर एक जाडा समुद्रसिंह झोपला होता, ताई. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्याने तरी बोलायला काय झालं होतं.

आणि अल्बट्रॉसच का, ते तर तुला सांगायला नको, पण तरी सांगतो. बाबा मासेमारीला एस्पान्योलाकडे जायचे आणि आले की जेवताना दोन्ही हातात चमचे घेऊन त्या पक्ष्याचा नाच करून दाखवायचे. मान खाली, मान वर, चोचीवर चोच, खट् खट् खट्. दारू प्यायलेल्या पाद्र्यासारखा चालतो म्हणे. जमिनीवरून उडता येत नाही, म्हणून कड्यापर्यंत चालत जातो आणि स्वतःला खाली झोकून देतो म्हणे. एकदा जोडी जमली की जन्मभर तीच. आई दर वेळी म्हणायची, "खोटारड्या, चमचे खाली ठेव, सूप सांडतंय." हा वाद बाबा गेले तरी मिटला नाही. डॉक्टरांकडून आल्या दिवशी तिने काळी शालही उतरवली नाही आणि म्हणाली, "एउदोरो, तुझा बाप मला एवढी वर्षं फसवत होता का, ते मला डोळे आहेत तोवर बघायचंय. आहे ना ते खरं, तर दाखव. नसेल तर वरती गेल्यावर त्याला बघते."

आता अडचण बघ. ते पक्षी डिसेंबरात समुद्रावर निघून जातात आणि थेट एप्रिलात परततात. एप्रिलपर्यंत आईच्या डोळ्याची खात्री कोण देणार? म्हणजे जे काय आहे ते याच महिन्यात. मी दुसऱ्या दिवशी दुकान मेचेवर टाकून बोटवाल्यांकडे गेलो. पहिल्याने विचारलं, वय काय. सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, नजर कशी आहे. सांगितलं. तिसऱ्याकडे मी शहाणा होऊन गेलो आणि म्हटलं, एक तरतरीत बाई आहे, जरा चष्मा आहे. तो म्हणाला, "सोईलाबाई ना, तुझी आई? काल माझ्या बोटीच्या दोराला ती वाकून 'माफ करा' म्हणाली." हे गाव एवढंसं आहे, ताई. इथे कुणाच्या आईचा डोळा गेला तर सगळ्या गावाला दिसतं.

शेवटी चौथा, तो बेनिग्नो, त्याची बोट जुनी पण माणूस मऊ (त्याच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मी दुरुस्त केला होता, याचा काही संबंध नाही). तो म्हणाला, जागा आहे, पण माझ्या हातात काही नाही, गाइडला विचार. कायदा तुला ठाऊक आहे. परवान्याचा गाइड असल्याशिवाय त्या बेटावर कुणाला पाऊल टाकता येत नाही, मग तो जर्मनीहून आलेला असो की पाठीमागच्या गल्लीतला. आणि तिथली वाट म्हणजे वाट नव्हे, नुसते धोंडे. जो गाइड म्हातारीला नेणार, ती पडली तर त्याचा परवाना जाणार. मी एकेकाच्या दारात गेलो. एक म्हणाला माझं लग्न आहे. (त्याचं लग्न होऊन दहा वर्षं झाली.) एकाने दारच उघडलं नाही, आतून रेडिओ बंद केला. मला असं वाटायला लागलं की मी आईला पक्षी दाखवायला नाही, बँक लुटायला नेतोय.

एकच माणूस हो म्हणाला. नाव लिहितो, खुर्चीत नीट बस. होल्गेर.

हो, तोच. रानशेळ्या मारायला राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी नेमलेला होल्गेर. कासवांचं गवत शेळ्या फस्त करतात म्हणून बंदुका आणि कुत्रे घेऊन तो वरच्या डोंगरात फिरायचा. आणि आपली शेळी कोन्देसा, आईची लाडकी, पांढऱ्या कपाळाची, कुंपण तोडून एका रानबोकडाच्या नादी लागून पळाली, ती त्याच्याच बंदुकीपुढे आली. मला आजही आठवतं, संध्याकाळी तो स्वतः दाराशी आला, हातात टोपी, मान खाली, नाक ओढत. मी शेळी ओळखली नाही बाई, एवढंच म्हणाला. आईने दार लावलं. तेव्हापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नाही. तो समोरून आला की रस्ता ओलांडायची. पुढे तो गाइडची परीक्षा पास झाला, केस पिकले, आजोबा झाला, तरी तेच. आणि आता एक गंमत सांगतो, जी मला गंमत वाटत नाही. आईला तो आता दिसतच नाही. तर तो रस्ता ओलांडतो. ती येताना दिसली की हा मुकाट पलीकडे जातो.

तो हो म्हणाला तेव्हा मी आनंदाने त्याला मिठी मारणार होतो, तेवढ्यात आई डोळ्यांपुढे आली आणि हात तसेच राहिले. आईला कळलं की नेणारा होल्गेर आहे, तर ती बोटीतच काय, त्या समुद्रात पाय बुडवणार नाही. आणि हा महिना गेला की झालं. म्हणून मी जे करायला नको ते केलं. (मेचे म्हणते, तू नेहमी तेच करतोस.) मी घरी येऊन सांगितलं की गाइड सांता क्रूसचा आहे, नाव मार्सेलो, फार भला माणूस, पण बिचाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे.

आई जेवता जेवता थांबली. "मुका गाइड?"

"मुका नाही आई, घसा बसलाय."

"गाइडचा घसा बसला म्हणजे भटारखान्यात चूल बसली. बरं, मला काय, मला पक्षी बघायचाय, त्याचं भाषण कशाला ऐकायचंय." आणि तिने भाताचा घास घेतला. माझा जीव भांड्यात पडला, पण भांड्याला भोक आहे, कारण आता होल्गेरला गप्प बसवायचं होतं.

तुला कल्पना नाही किती अवघड काम आहे. गाइडचं पोटच बोलण्यावर असतं, आणि होल्गेर तर शेळ्या मारायचं सोडून इतकी वर्षं फक्त बोलतोय. मी त्याला आमच्या दुकानात, बर्फाच्या मशीनमागे बसवून सगळं समजावलं. बोटीत बाकीचे प्रवासी असतील, दोन जर्मन बाया आणि एक कीतोहून आलेलं जोडपं. त्यांना जे सांगायचं ते बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन, हळू आवाजात. आईजवळ आलास की नुसती मान हलवायची. तो म्हणाला, "एउदोरो, तिला मान हलवलेली दिसणार कशी?" मी म्हटलं, तो माझा प्रश्न. तो बराच वेळ टोपी फिरवत बसला, नाक ओढत, आणि म्हणाला, "खोटं कशाला? मला जाऊन माफी मागू दे." मी म्हटलं, माफी डिसेंबरानंतर माग, आधी पक्षी. शेवटी तयार झाला. पण जाताना दाराशी वळून म्हणाला, "ती धोंड्यावर पाय ठेवताना चुकली, तर मी बोलणार. मग तुझ्या खोट्याचं काय व्हायचं ते होवो."

मग तालीम. हे तू भावजींना वाचून दाखवू नकोस. मी परसात धोंडे मांडले, लहान मोठे, मध्ये फटी ठेवून, अगदी तिथल्यासारखी वाट. आई एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी रोज संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारच्या फिलोमेनाने कुंपणावरून विचारलं, काही नवस आहे का. आई म्हणाली, "हो, मुलाचा मेंदू परत मिळावा म्हणून." पहिल्या दिवशी एक माणूस घसरून पाय मुरगळून बसला. मी. आई काठी टेकत शेवटपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पक्षी बघायला मी चाललेय की तू?" माझा घोटा अजून सुजलेला आहे. मेचेने त्याला कसली तरी पानं बांधली आहेत, वास येतो.

एवढं करूनही समुद्र बाकी आहेच. या दिवसांत तो कसा असतो ते तुला ठाऊक आहे, आणि माझं पोट कसं आहे तेही. बेटावर जन्मलेला आणि बोट लागणारा गावात मी एकटाच. तीन गोळ्या आत्ता घेतल्या, दोन सकाळी घेईन. मेचेने पिशवी भरली आहे: पाणी, टोपी, आईची शाल, आईची दुसरी शाल. बेटावर खायचं काही नेता येत नाही, बी पडलं तरी गुन्हा. हे आईला मी समजावलं आणि ती "बरं" म्हणाली. ती इतक्या पटकन बरं म्हणते तेव्हा मला भीती वाटते.

तर ताई, असं आहे. आई दिसेनाशी व्हायच्या आधी... नाही, चुकलं, आईला दिसेनासं व्हायच्या आधी, एकदा तो पक्षी दिसावा, एवढीच माझी इच्छा आहे. पडली तर? समुद्र चढला तर? होल्गेर शिंकला तर? मेरीमातेपुढे मेचेने मेणबत्ती लावली आहे. तूही तिकडे लाव. मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि कळव की तुमच्याकडे पाऊस झाला का.

तुझा भाऊ,
एउदोरो

ता. क. सकाळ झाली. रात्रभर वारा होता. बंदरावरचा अधिकारी म्हणतो, लाटा अशाच राहिल्या तर बोटी सोडणार नाही. सगळे धक्क्यावर उभे आहेत आणि त्याच्या तोंडाकडे बघतायत. आई चर्चचे काळे बूट घालून आली आहे. मी म्हटलं, रबराचे घाल. म्हणाली, "तुझा बाप खरा ठरला तर मी काय रबराच्या बुटात उभी राहू?" तिच्या परकराच्या खिशातून मी कच्च्या केळ्याचे तळलेले तीन गोळे काढले. ते मी आत्ता खाल्ले. चूक केली. होल्गेर लांब, बोटीच्या पुढच्या टोकाला पाठ करून उभा आहे. अधिकाऱ्याने हात वर केला. निघतोय. पत्र मेचेकडे देतो.

ता. क. दुसरा. मेचेने पत्र अजून टाकलं नव्हतं (तिकिटं तिला सापडत नव्हती. ती माझ्याच खिशात, एस्पान्योलाला जाऊन आली). तेव्हा पाकीट वाफेवर उघडून हे लिहितोय.

जातानाचं सांगत नाही. एवढंच सांगतो की मी बोटीच्या कडेला वाकून होतो आणि आई माझी पाठ थोपटत त्या जर्मन बायांना सांगत होती की हा लहानपणापासून असाच आहे, आंघोळीच्या टबातही त्याला लागायची. होल्गेरने एक शब्द काढला नाही. पण त्याची जुनी खोड जाईना, ताई. वाऱ्यावर उभा राहून तो सारखं नाक ओढत होता. एकदा आईने मान वळवली. मी पटकन स्वतः नाक ओढलं.

उतरायच्या जागी समुद्रसिंह आडवे पडलेले. ते ओलांडून वर चढलो. पुढे धोंडे. पुढे घोरपडी, तांबड्या हिरव्या, डझनांनी, धोंड्यांवर धोंड्यांसारख्याच निवांत पसरलेल्या. हे मी तालमीत धरलंच नव्हतं. परसात धोंडे मांडले, घोरपडी कुठून आणणार? आई माझ्या खांद्यावर हात ठेवून चाललेली, माझा घोटा दुखतोय, आणि एका फटीपाशी मी जरासा वाकलो. तिने खांदा सोडला आणि काठी टेकून स्वतःच पाऊल उचललं. बुटाच्या खाली घोरपड, घोरपडीच्या पलीकडे धोंडा नाही, नुसती फट आणि खाली पाणी. मला दिसलं. मी हात पुढे केला, तो पोचला नाही.

"बाई, थांबा!"

होल्गेर ओरडला. काय आवाज! समुद्रसिंह जागे झाले. आईचा पाय हवेत तसाच राहिला. जर्मन बाया हातातले कॅमेरे छातीशी धरून उभ्या. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता ती मागे फिरणार, इतक्या दूर येऊन पक्षी न बघता परत, आणि जन्मभर माझ्याशीही बोलणार नाही.

आईने पाय हळूच मागे घेतला. मग म्हणाली, "एवढा वेळ लावलास रे तोंड उघडायला? बोटीत चढले तेव्हापासून वाट बघतेय. नाक तसंच ओढतोस. आता हात दे, हा एउदोरो स्वतःलाच सांभाळू शकत नाही."

आणि होल्गेरने हात दिला. मी मागून, एकटा, लंगडत.

कड्यापर्यंत पोचलो. पक्षी होते. ताई, होते! पांढऱ्या मानेचे, पिवळ्या लांब चोचींचे, एवढाले. एक जोडी आमच्यापासून जेमतेम हाताच्या अंतरावर, आणि नाचायला लागली. बाबांनी एक गोष्ट वाढवून सांगितली नव्हती. चमच्यांचा आवाजसुद्धा तोच. मी आईकडे वळलो, तर ती मान ताठ करून थेट त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा कोरा होता. "कुठे?" म्हणाली. मी बोट दाखवलं. कीतोच्या जोडप्यातल्या नवऱ्याने बोट दाखवलं. "कुठे? खट् खट् ऐकू येतंय. कुठे आहे?" आईला आयुष्यभर समोरासमोर बघायची सवय. ती जिथे बघत होती तिथेच तो डाग होता, आणि डागाच्या मागे ते दोघे नाचत होते. ती "राहू दे" म्हणाली. आई कधी राहू दे म्हणते, ताई? मला रडू आलं.

तेव्हा होल्गेर तिच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडे बघा."

"तुझ्याकडे कशाला बघू?"

"पक्ष्याकडे बघू नका. माझ्या तोंडाकडे बघा. अंधार पडायला लागला की रानात शेळीकडे थेट बघायचं नसतं. जरा बाजूला बघायचं, मग शेळी दिसते."

आईने काठी घट्ट रोवली. मग तिने विचारलं, "कोन्देसा अशीच दिसली तुला?"

"हो बाई. पांढरं कपाळ दिसलं नाही. नुसतं अंग दिसलं."

मी समुद्राकडे बघायला लागलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. मग आईने मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा होल्गेरच्या तोंडाकडे सरळ बघितलं. तशीच बघत राहिली. आणि तिचं तोंड उघडं पडलं.

"अगं बाई," म्हणाली. "चोचीला चोच लावतात. हा बघ, वाकला. हा बघ. अरे, खोटारड्या, खरं बोलत होतास." (हे बाबांना.) मग होल्गेरला म्हणाली, "हलू नकोस. छान सोय आहे ही. तुझं तोंड दिसत नाही आणि पक्षी दिसतो."

तो हलला नाही. नाक ओढायचाही थांबला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण हात हलवला असता तर चित्र बिघडलं असतं. पुढे एक पक्षी चालत कड्याच्या टोकाला गेला, अगदी दारूड्यासारखा, आणि त्याने स्वतःला झोकून दिलं. तेही तिने बघितलं, होल्गेरच्या कानाजवळून. मग म्हणाली, चला, आता मला भूक लागली, माझे केळ्याचे गोळे कुठे आहेत. ते कुठे आहेत ते मी सांगितलं नाही.

ता. क. तिसरा. पत्र अजून घरीच आहे, म्हणून खरं ते आता लिहितो, आणि मेचेला दाखवत नाही. तू पुढच्या सुट्टीत ये. नाताळची वाट बघू नकोस. आई परत आल्यापासून घरात सगळ्यांना बाजूला बसवते आणि भिंतीकडे बघून आमच्याशी बोलते. खुश आहे, मेचेच्या गालावरचा तीळ तिला आत्ता दिसला, म्हणे हा कधी आला. मागच्या वेळी तू टेबलाशी तिच्या अगदी समोर बसून तिला क्वेंकाला चल म्हणून विनवत होतीस, ती दगडासारखी तुझ्या तोंडाकडे बघत बसली, आणि तू दुसऱ्या दिवशी विमान धरलंस ते पुन्हा आली नाहीस. काल जेवताना मेचे बोलून गेली की तू त्या दिवशी पूर्ण वेळ रडत होतीस. आईने चमचा खाली ठेवला. "रोसाउरा रडत होती?" म्हणाली. "मला कुणी सांगितलं का नाही?" आणि मग जेवलीच नाही. ये, ताई. आणि आलीस की तिच्या समोर बसू नकोस. बाजूला बस.